चार हुतात्मे लिहायला बसलो आणि अक्का लिहून उठलो

आधी आकडे सांगतो, गोष्ट नंतर. ऑगस्टमध्ये कागदावर ठरलेलं: ६० मिनिटांचं अभिवाचन, सोलापूरचे चार हुतात्मे, प्रत्येकी १५ मिनिटं. १२ जानेवारीला स्टेजवर जे झालं ते ६४ मिनिटांचं. त्यात मल्लप्पा धनशेट्टी ९, जगन्नाथ शिंदे ६, कुर्बान हुसेन ५, श्रीकिसन सारडा ३, आणि उरलेली ४१ मिनिटं एक बाई, जी मूळ प्लॅनमध्ये नव्हतीच. म्हणजे होती, पण "बाई १" म्हणून, दोन वाक्यांपुरती.

कार्यक्रम पडला असं नाही, उलट टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. पण खाली उतरलो तर दुसऱ्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ थांबलेले, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की कुर्बान हुसेन कधी येऊन गेले ओ, मी जरा बाहेर फोन घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात येऊन गेले होते! त्या दिवशी घरी आल्यावर झोप लागली नाही आणि मग मी गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी उघडून ऑगस्टपासून एकेक तारीख बघत बसलो, की नेमकं कुठं सुटलं हे. हे लिखाण म्हणजे त्या बघण्याचा हिशोब आहे. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, नावं देत नाही, आणि ज्या मंडळाने कार्यक्रम ठेवला होता त्यांचंही देत नाही कारण चूक त्यांची अजिबात नव्हती.

सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी थोडक्यात. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, त्यानंतर सोलापूर पेटलं, ८ मे ला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, आणि १२ मे ला इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला. आमच्याकडे जुनी माणसं अजून "मार्शल्लाच्या टायमाला" असं एका दमात म्हणतात. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली गेली. चार पुतळ्यापाशी, म्हणजे या चौघांचे पुतळे आहेत त्या चौकात, रोज हजारो लोक सिग्नलला थांबतात, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात, आणि त्यातल्या कितीजणांना चारही नावं सलग सांगता येतील, हा सरांचा आवडता प्रश्न. सर म्हणजे आमच्यातले रिटायर्ड इतिहासाचे शिक्षक. या सगळ्याची सुरुवात त्यांच्या त्या प्रश्नातून झाली.

ऑगस्टमध्ये, मार्कंडेय रथोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, पार्क चौकात चहाला बसलेलो असताना प्लॅन ठरला. सर माहिती काढणार, मी लिहिणार, दादा बसवणार, एक मॅडम वाचणार ज्या आधी बँकेत होत्या आणि आवाज असा की माईक नको, आणि पूर्व भागातला, म्हणजे शहरातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतला, एक कॉलेजचा पोरगा, जो म्युझिक बघणार होता पण त्याने म्युझिक सोडून बाकी सगळं केलं. एका ए-फोर कागदावर मी चार रकाने पाडले, वर चार नावं, खाली तीन तीन प्रसंग, शेवटी "१२ जाने., ६० मि." असं लाल पेनने. तो कागद अजून माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. आतल्या बाजूला, हे लक्षात ठेवा. कपाट उघडल्याशिवाय दिसत नाही.

त्याच दिवशी सरांनी एक अट घातली. "हे बघ, ही खरी माणसं आहेत आणि फासावर गेलेली आहेत, त्यांच्या तोंडी कागदावर नसलेलं एक वाक्य घालायचं नाही." मी लगेच हो म्हणलं. आजही विचाराल तर हो म्हणेन, ती अट बरोबरच होती. पण आता मागं वळून बघितलं की कळतं, नाटक तिथंच वळलं होतं, पहिल्याच दिवशी, आणि आम्हाला वाटत होतं ते डिसेंबरमध्ये वळलं.

त्याचं असं झालं की चौघांबद्दल सरांनी जे जे आणलं ते सगळं खटला, तारखा, सभा, कोण कुठल्या घरातलं, कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, सारडा मारवाडी कुटुंबातले, असं. माहिती चांगली होती. पण नाटकाला लागतं ते म्हणजे माणूस सकाळी उठून कुणावर चिडला, काय खाल्लं, कोणाला टाळलं, आणि तिथं मला हात बांधलेले. एक पान लिहायचो, सर वाचायचे, पेन्सिलने बारीक गोल करायचे आणि म्हणायचे "हे कुठून आणलं?" कुठून आणणार, डोक्यातून आणलं. खोडा. परत लिहा. सप्टेंबरच्या शेवटी धनशेट्टींचा भाग इतका सरळसोट झाला होता की दादा म्हणाले हे शाळेच्या १५ ऑगस्टच्या भाषणासारखं वाटालंय बे, आणि खरंच वाटत होतं.

आता बाई १ कुठून आली ते बघा, कारण ती कुठल्याही साहित्यिक कारणाने आली नाही. चौघं वाचणारे चार स्टँडवर, एका हुतात्म्याचा भाग संपला की लाइट बदलणार आणि जागा बदलायला वीसेक सेकंद लागणार. त्या वीस सेकंदात अंधार नको म्हणून दादांनी सांगितलं की कोपऱ्यात एक बाई बसव, काहीतरी काम करत, ती एक वाक्य बोलेल. मी लिहिलं: "बाई १ (कांडी भरत): बाजार बंद हाय म्हणं आज." (कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, ती मागाच्या धोट्यात बसते आणि धोटा आडवा धागा नेतो.) दुसरं वाक्य: "पोरं आली का घरी?" संपलं. तिचं काम म्हणजे स्टँड हलवेपर्यंत वेळ काढणे. आणि ती काल्पनिक होती, त्यामुळे सरांची अट तिला लागू नव्हती. हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही, सरांनीही नाही.

मग ऑक्टोबरमध्ये पोराच्या घरी वाचन ठेवलं. त्याची आज्जी बाजूला सूप मांडीवर घेऊन विडी वळत बसलेली, पान कापलेलं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायची, नजर आमच्याकडे आणि बोटं आपापली चाललेली. आमच्या वाचनात तिला काही इंटरेस्ट नव्हता. चौघांचे चारही भाग झाले, ती गप्प. मॅडमनी मध्ये बाई १ चं वाक्य वाचताना हाताने कांडी भरायची ॲक्शन केली आणि आज्जी एकदम थांबली. "असं नाही ओ." म्हणली राट, म्हणजे कांडीवर सूत गुंडाळायचं चाक, उजव्या हाताने फिरवायचा, सूत डाव्या हाताच्या बोटातून सोडायचं, सूत तुटलं की लगेच हाताला कळतं, बघायला लागत नाही, आणि कांडी कमी भरली तर विणणारा ओरडतो कारण धोट्यात सारखी सारखी बदलायला लागते, जास्त भरली तर धोट्यात बसतच नाही. लहानपणी तिच्या घरी हातमाग होता, सगळ्या बायका कांड्या भरायच्या. मग उठून आली आणि मॅडमचा हात धरून दाखवलं.

मी त्या रात्री घरी येऊन लिहिलं ते फक्त ॲक्शन बरोबर करायला. व्हर्जन हिस्टरीत दिसतं, रात्री ११.२० ला बाई १ दोन वाक्यांची आहे, आणि १.४० ला ती तीन पानांची आहे. तीन पानांत काय तर तिचा नवरा हातमागावर, सूतवाला दुकान बंद करून बसलाय, ताणा (उभे धागे) चढवलेला आहे पण बाण्याला (आडव्या धाग्यांना) सूत संपत आलंय, आणि बाहेर काय चाललंय हे तिला फक्त आवाजांवरनं कळतं. आज्जीचं बोलणं होतं तसं, मध्येच कामाची सूचना, मध्येच शेजारणीची चुगली, मध्येच काहीतरी भयंकर, एकाच सुरात. लिहिताना कुणाला विचारायला लागलं नाही. "हे कुठून आणलं" असं कुणी म्हणणार नव्हतं. दीड महिना बांधलेला हात सुटला होता आणि मी सुटलो.

लेखक लोक मुलाखतीत सांगतात ना की पात्रं स्वतःहून बोलायला लागली, मी फक्त उतरवून घेतलं, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. कोणी बोलत नसतं. पावणेदोन वाजता मीच टाईप करत होतो, मलाच मजा येत होती, आणि ज्या भागात मजा येत नव्हती तो भाग मी उद्यावर ढकलत होतो. सारडांचा भाग तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दीड पानाच्या वर गेलाच नाही, कारण आमच्याकडे त्यांची माहिती सगळ्यात कमी होती आणि कमी माहितीत लिहायला कष्ट जास्त. हे सगळं हिस्टरीत तारखेवार दिसतं, लपवायला जागा नाही.

नाव दिलं दिवाळीनंतर, आणि तेही मी नाही. तालमीत मॅडमना "बाई एक, तुमची एन्ट्री" असं सारखं हाक मारणं विचित्र वाटायला लागलं, तर पोरगा म्हणाला आमच्यात अशा बाईला अख्खी गल्ली अक्काच म्हणते. झालं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर सगळे "अक्काचा सीन", "अक्काची साडी", "अक्काला शेवट पाहिजे" असं लिहायला लागले. या शेवटच्या मेसेजपाशी मी आता बराच वेळ थांबलो, कारण ज्या बाईचं काम वीस सेकंद भरून काढणं होतं तिला शेवट कशाला पाहिजे? पण नाव मिळालं की माणूस मिळतो, आणि माणूस मिळाला की त्याला सुरुवात-शेवट लागतो, आणि त्या क्षणी ग्रुपमधल्या एकालाही हे वेगळं वाटलं नाही. मलाही नाही, मी अंगठा दिलाय त्या मेसेजला.

दोष मॅडमवर टाकणं सोपं आहे आणि एक-दोघांनी नंतर टाकलाही, की त्यांनी रोल वाढवून घेतला. हे साफ खोटं आहे. त्यांनी एक ओळ मागितली नाही. त्या फक्त इतकं चांगलं करायच्या की दादा तालमीत तोच सीन आधी घ्यायचे, बाकीच्यांना वेळ उरला तर. आणि प्रतिक्रिया बघा. जो कोणी तालमीला यायचा, तो अक्काच्या भागाला हसायचा किंवा गप्प व्हायचा. चौघांच्या भागाला म्हणायचा "छान आहे". लिहिणाऱ्याला "छान आहे" याच्याइतकं वाईट काही नसतं, त्यापेक्षा शिव्या बऱ्या. मग आपोआप माणूस जिथं हसू येतं तिथं अजून दोन ओळी टाकतो. मी टाकल्या. प्रत्येक वेळी दोनच टाकल्या, एकदम पाच पानं कधीच नाही, पाच पानं टाकली असती तर सर तरी ओरडले असते.

आणि अजून एक बावळटपणा झाला, जो टेक्निकल आहे पण महाग पडला. दिवाळीत मी गावाला गेलो तेव्हा नेट नीट नाही म्हणून दादांनी फाईल डाउनलोड करून घेतली आणि तालमीची कॉपी वेगळी झाली. सर मूळ फाईलमध्ये चौघांचे संदर्भ दुरुस्त करत होते, तालमीत मात्र दादांची कॉपी वाचली जात होती. तीन आठवडे सर समजत होते की नाटक चार हुतात्म्यांचं आहे, आणि त्यांच्या फाईलमध्ये ते होतंही. मंडळाचे लोक समजत होते की पत्रिकेवर छापलंय ते आहे. आम्ही तिघं समजत होतो की सगळ्यांना माहितीये. प्लॅन बदललाय हे कोणी बोललंच नाही कारण कोणी बदलला नव्हता, आणि कागद कपाटाच्या आत होता.

२० डिसेंबरला पहिल्यांदा पूर्ण वाचन घड्याळ लावून केलं. माझ्या मोबाईलवर स्टॉपवॉच, पोराने वहीत प्रत्येक भागाचे मिनिट लिहिले. अक्का ३८. सगळे वहीकडे बघत बसले. सर काही बोलले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आणि म्हणाले "मग पत्रिका कुणाची आहे?"

तेव्हा तीन रस्ते होते. एक, अक्काला कापून परत दोन वाक्यांवर आणायचं आणि तीन आठवड्यात चौघांना उभं करायचं, जे झालं असतं असं मला आजही वाटत नाही. दोन, मंडळाला फोन करून सांगायचं की विषय तोच आहे, १९३० चं सोलापूरच आहे, पण माणूस दुसरा आहे, नाव बदलून छापा, नाहीतर आमचा कार्यक्रम दुसऱ्या तारखेला ठेवा. तीन, आहे तसं करायचं आणि बघायचं. तासभर चर्चा झाली, चहा दोनदा झाला, आणि ठरलं तीन. का, तर पत्रिका छापून झालीय, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गडबडीत आता कुणाला फोन करायचा, लोकांना आवडलं की झालं, वगैरे. फोन करायचं काम माझं होतं कारण मंडळाशी बोलणारा मी होतो. पाच मिनिटांचा फोन. मी केला नाही. उलट त्या तीन आठवड्यात अक्का ३८ वरून ४१ वर गेली!

तर १२ जानेवारीला, सकाळी चार पुतळ्यापाशी हार घालून लोक संध्याकाळी त्या सभागृहात आलेले, पहिल्या रांगेत मंडळाची ज्येष्ठ माणसं, पडदा नाही, लाइट आला आणि समोर एक बाई राट फिरवत बसलेली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, पहिल्या रांगेतल्या एकांनी पत्रिका उलटून बघितली. मी विंगेतून बघत होतो. मागच्या रांगेत पूर्व भागातल्या बायका आल्या होत्या, पोराच्या गल्लीतल्या, त्या मात्र पुढे झुकलेल्या. सीन असा होता की अक्काने बारा कांड्या भरून ओळीने ठेवल्यात आणि माग बंद आहे, नवरा घरी आलेला नाही, आणि ती तेरावी भरायला घेते कारण हात थांबले तर डोकं चालू होईल. मॅडमनी तो हात आज्जीने दाखवला तसाच फिरवला, उजवा राटावर, डावा सुतावर, नजर दुसरीकडेच. मागच्या रांगेतून कोणीतरी तेलुगूत काहीतरी म्हणालं आणि बाकीच्या "हं" म्हणाल्या. एवढं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती सारडांच्या तीन मिनिटांची. तीन मिनिटांत माणूस फासावर गेला आणि लाइट गेला.

मंडळाचे अध्यक्ष नंतर भेटले, ओरडले नाहीत. म्हणाले "चांगलं केलंत. पण आम्ही दरवर्षी या दिवशी चौघांची नावं घेतो हो, आज एकाचं नीट ऐकूच आलं नाही." आणि पुढच्या वर्षीचं काही बोलले नाहीत.

फेब्रुवारीत आम्ही परत बसलो, सगळे, एकाच फाईलवर. अक्का वेगळी काढली, तिची ४५ मिनिटांची एकांकिका होईल, तिच्यात हुतात्मे फक्त आवाजात येतील, ते दादा बघतायत आणि मला त्यात आता फार काम नाही. खरा प्रश्न चौघांचा होता, की सरांची अट मोडायची नाही आणि तरी ते भाषण वाटायला नको. सरांना मी दोनदा विचारून बघितलं की घरगुती एखादं वाक्य, अगदी साधं, "पाणी दे" एवढं तरी टाकू का. नाही म्हणजे नाही. आणि ते नाही म्हणाले हेच चांगलं झालं, कारण मग पोराने मला सुचवलं की तुम्ही त्यांच्या तोंडी घालूच नका ना, वाचणारा त्यांच्याशी बोलूदे. म्हणजे स्टँडवर उभा राहणारा आजचा माणूस आहे, तो सारडांना विचारतोय, तुमच्याबद्दल एवढंच सापडलं, बाकी कुणी लिहूनच ठेवलं नाही, तुम्ही त्या दिवशी घरातनं निघताना कुणाला सांगून निघालात का. प्रश्न आमचे, मोकळे, कितीही घरगुती. उत्तर नाही. जिथं कागद आहे तिथं तारीख आणि खटला येतो, जिथं नाही तिथं तो माणूस नुसता थांबतो.

सरांनी पहिला खर्डा वाचला, पेन्सिल हातात होती. एका ठिकाणी गोल केला, एका तारखेला. बाकी तसंच परत दिलं.

ए-फोरचा कागद नवा केला, या वेळी दादांच्या तालमीच्या खोलीत दारावर लावलाय, चपला काढताना दिसतो. आणि दर रविवारी वाचन झालं की पोरगा वहीत मिनिटं लिहितो. परवाच्या रविवारी धनशेट्टी १४, शिंदे १२, कुर्बान हुसेन १३ आणि सारडा ११.